कोप्पेचा आवाज

९ ऑक्टोबर

सिनेमा होणार. आज ओगितानीने सगळ्यांना बोलावून सांगितलं. ओगितानी म्हणजे आमचा निर्माता. बोलताना इतका वाकतो की त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याचं टक्कलच मला जास्त ओळखीचं झालंय.

तीस वर्षांहून जास्त काळ दर रविवारी संध्याकाळी मी टीव्हीवर बाबा असतो. 'मिकाझुकी न्हाणीघर' ही मांगा, म्हणजे चित्रकथा, ज्या घरात कोणी वाचली नाही असं घर या देशात शोधून सापडायचं नाही. तोक्योच्या जुन्या वस्तीतलं सार्वजनिक न्हाणीघर, ते चालवणारे बाबा, आई, आणि पाच वर्षांचा कोप्पे. याचीच कार्टून मालिका टीव्हीवर लागते, तिच्यात मी बाबांचा आवाज. कोप्पेचा आवाज हिरुमा फुसाए. ती सत्तरी ओलांडलेली बाई आहे आणि पाच वर्षांचं पोर बोलते. आमच्या धंद्यात लहान मुलग्यांचे आवाज बायकाच देतात, कारण खरा मुलगा घेतला तर त्याला बघता बघता मिसरूड फुटतं. स्टुडिओत ती मला बाबाच म्हणते. मी मात्र तिला फुसाए-सान म्हणतो. एवढ्या वयाच्या बाईला कोप्पे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पटकथाही मिळाली. न्हाणीघर मोडून तिथे इमारत व्हायची आहे, आणि शेवटच्या दिवशी सगळी वस्ती अंघोळीला येते. मोठा प्रसंग आम्हा दोघांचा. बाबा पुरुषांच्या बाजूला, कोप्पे आईबरोबर बायकांच्या बाजूला, मध्ये भिंत. बाबा भिंतीवरून ओरडतात, "कोप्पे, निघायचं का रे?" पलीकडून उत्तर येतं, "अजून थोडं!" असं पुन्हा पुन्हा. बस्स, एवढंच. मी ते बसमध्ये वाचलं आणि रडलो. समोरच्या शाळकरी पोरीने उठून मला जागा दिली, ती बहुधा म्हणूनच.

घोषणा झाली तेव्हा फुसाएच्याही डोळ्यात पाणी असेल म्हणून मी पाहिलं, तर ती एकटक ओगितानीकडे बघत होती. नोकरीवरून काढायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

घरी येऊन नव्या कवळीने दोन कडक सेम्बेई, म्हणजे तांदळाच्या भाजक्या चकत्या, खाल्ल्या. काय आवाज करतात! दातांचा डॉक्टर गुणी माणूस आहे.

२२ ऑक्टोबर

ओगितानीने मला एकट्याला ईल मासा आणि भात खायला नेलं. ईल खाऊ घालणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतंच, म्हणून मी आधी सगळं ताट संपवलं आणि मग म्हटलं, "बोल."

"कुरामोची-सेन्सेई, हा सिनेमा बघून लहान मुलं हेच आवाज मनात धरून मोठी होणार. म्हणून वयाचा थोडा विचार… म्हणजे कोणाच्याही नाही हं. आपलं सर्वसाधारण."

"सर्वसाधारण वय वाढतच असतं," मी म्हणालो.

"तेच तर! आवाज पुढच्या पिढीकडे सोपवायची एक वेळ येते. ती कधी आली, हे कलावंताचं कलावंतालाच कळतं. आम्ही बाहेरचे काय सांगणार?" त्याने घाम पुसला. ऑक्टोबरात. "आणि अडचण अशी, की फुसाए-सान काही केल्या तयार नाहीत. आम्ही विषय काढून पाहिला. त्या ऐकूनच घेत नाहीत. तुमचं दोघांचं इतकं जवळचं… तुमचं आपसात बोलणं झालं तर फार बरं होईल."

 म्हणजे फुसाएला काढणार! एवढा मोठा सिनेमा दारात आला आणि कोप्पेलाच उंबऱ्याबाहेर ठेवणार.

मी रागावणार होतो. पण मग वाटलं, हे तिला परक्याने सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. म्हटलं, "ठीक आहे. मी बोलतो तिच्याशी."

ओगितानीने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. "बोलाल? तुम्ही स्वतः?" त्याचे डोळे भरून आले. "सेन्सेई, तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही." आणि टेबलाला कपाळ टेकेपर्यंत वाकला. निरोप्याचं एवढं कौतुक मीही आजवर पाहिलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मलाही हल्ली जाणवतंय. तिचा आवाज बारीक झालाय, वाक्याचा शेवट कधी कधी ऐकूच येत नाही. उभी राहिली की तोलही जातो. माझं वाक्य जवळ आलं की ती नेमकी माझी बाही धरते. मी काही बोलत नाही, धरू देतो. म्हाताऱ्या माणसाला आधार लागतोच.

५ नोव्हेंबर

चिझुरू आली होती. माझी लेक. आल्या आल्या टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाली, "जिन्यापर्यंत ऐकू येतंय, बाबा." मी म्हटलं, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, त्याला मी काय करू? नाचता येईना अंगण वाकडं, यांना बोलता येईना आणि आमचे कान वाईट. ती कानाच्या डॉक्टरांचा पत्ता फ्रिजवर लावून गेली.

फुसाएशी अजून बोललो नाही.

१९ नोव्हेंबर

आज तिला ओदेनच्या दुकानात घेऊन गेलो. थंडी पडली की मुळा, अंडी, माशाचे गोळे उकळत ठेवलेल्या त्या पातेल्यासमोर बसून माणूस कोणतीही वाईट बातमी सांगू शकतो, असा माझा समज होता.

"थकवा येतो का हो?" मी सुरुवात केली.

"मला? मी पाच वर्षांची आहे. मला कशाला थकवा येईल?" ती हसली. मग तिनेच विचारलं, "बाबा, कान दाखवलेत का?"

"माझ्या कानांना काय धाड भरलीय? लोकच पुटपुटतात."

"बरं." ती काड्या हातात घेऊन नुसती बसली. "बाबा, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं."

मी घाबरलो. तिला कळलं असणार. ती रडली तर मी काय करू? मी घाईघाईने तिच्या वाटीत मुळ्याची फोड वाढली.  थोड्या वेळाने तिने पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा वाढलं. शेवटी तिच्या वाटीत मुळ्याचा ढीग झाला आणि दुकानदार म्हणाला, "आजोबा, आजींना मुळाच आवडतो वाटतं."

"नाही आवडत," फुसाए म्हणाली. "पण ते ऐकतात कुठे?"

तिला बसस्टॉपपर्यंत सोडलं. बस येईपर्यंत मी तीनदा घसा साफ केला, आणि शेवटी म्हणालो काय, तर मफलर नीट गुंडाळा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघालो आणि मांजराला दूध पाजून आलो. मी भित्रा माणूस आहे. टीव्हीवर बाबा दर रविवारी खरं बोलतात, मला एकदा जमत नाही.

२ जानेवारी

नव्या वर्षाचा मोची, तांदळाचा चिकट गोळा, खाल्ला, तो कवळीला असा चिकटला की चिझुरूने दोन्ही हातांनी ओढून काढला. फुसाएचं शुभेच्छापत्र आलं. 'यंदाही बाबांबरोबर,' एवढंच. ते वाचून मला जेवण गेलं नाही. तिला काहीच माहीत नाही. मी अजून सांगितलेलं नाही, आणि ओगितानी फोनवर दर वेळी विचारतो, "झालं का बोलणं?" मी म्हणतो, योग्य वेळ बघतोय. तो म्हणतो, "घाई नाही, घाई नाही," आणि फोन ठेवता ठेवता म्हणतो, "पण रेकॉर्डिंग सोळाला आहे."

१६ जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग. दुपारी एकला सगळे एकमेकांना 'सुप्रभात' म्हणत आत आले. आमच्याकडे सूर्याला विचारायची पद्धत नाही. नवखे दाराजवळच्या खुर्च्यांवर, जुने मधोमध. सगळ्यांच्या अंगात सुती कपडे, हातात घड्याळ नाही, बांगडी नाही, पायात मऊ बूट. माईकला कापडाची सळसळसुद्धा ऐकू जाते.

पडद्यावर चित्रं अर्धवटच होती, असतातच. बाबांच्या वाक्याला तांबडी रेघ उमटते, कोप्पेच्या वाक्याला निळी. ती रेघ दिसेपर्यंतच बोलून संपवायचं. हल्ली या रेघा फार लवकर पुसल्या जातात, हे मी सेंदाबाईंना सांगितलं. सेंदाबाई आवाजाच्या दिग्दर्शक, काचेपलीकडे बसतात. त्या काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही. त्यांचा स्पीकरही दुरुस्त करायला झालाय.

पहिल्याच प्रसंगात त्यांनी थांबवलं. "कुठेतरी टक् असा आवाज येतोय. बोलताना." पुन्हा लावून ऐकवलं. मला काही ऐकू आलं नाही. यंत्रं हल्ली फार चिकित्सक झालीत. सगळे इकडेतिकडे बघायला लागले, आणि फुसाएने हात वर केला.

"माझं पोट हो, सेंदा-सान. सकाळी घाईत भाताचा गोळासुद्धा खाल्ला नाही."

सगळे हसले. कोणीतरी तिला गोळा आणून दिला, तिने खाल्ला. दुसऱ्यांदा टक्. "पुन्हा मीच," ती म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, बूट असतील, आणि बूट काढून नुसत्या मोज्यांवर गार फरशीवर उभी राहिली. मला तिची इतकी लाज वाटली, इतकी दया आली की मान वर करवेना. पूर्वी ती अशी नव्हती. पूर्वी तिचा श्वाससुद्धा माईकला सापडायचा नाही.

मग भिंतीचा प्रसंग आला. मी ओरडलो, "कोप्पे, निघायचं का रे?" उत्तर नाही. मी थांबलो. तरी नाही. म्हटलं, चुकली बिचारी, आणि सावरून घ्यायला पुन्हा ओरडलो. सेंदाबाईंनी थांबवलं. काचेपलीकडे सगळे खाली बघत होते.

"मला उशीर झाला," फुसाए म्हणाली. "चूक माझी."

असं चार वेळा झालं. चौथ्यांदा तिने माझी बाही इतक्या जोरात ओढली की शिवण उसवली. शेवटी सेंदाबाई बाहेर आल्या आणि अगदी गोड आवाजात, माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या, "सेन्सेई, हा प्रसंग आपण दोघांचा वेगवेगळा घेऊ. तुम्ही एकटे या पुढच्या आठवड्यात." मी समजलो. तिच्या चुकांपायी मला ताटकळायला नको म्हणून.

एक इसोगाई नावाचा नट आहे, पंचेचाळिशीचा, भारदस्त. या सिनेमात पोस्टमन आहे, तीन वाक्यांचा. पण दिवसभर बसून राहतो आणि मान लववून प्रश्न विचारतो. "सेन्सेई, बाबा खाकरतात ते घशातून की नाकातून?" मी त्याला अर्धा तास शिकवलं. अशी शिकायची हौस आता कोणाला आहे? फुसाए लांबून आमच्याकडे बघत होती. तिला मी चहा विचारला, तिने मानेनेच नको म्हटलं.

२४ जानेवारी

एकट्याने रेकॉर्डिंग. रिकाम्या खोलीत भिंतीला हाक मारत बसलो. सेंदाबाई सारख्या म्हणत होत्या, छान, अजून एकदा. छान असेल तर अजून एकदा कशाला?

बाहेर आलो तर इसोगाई बाकावर बसला होता. आज पोस्टमनचं काम नव्हतं. मला पाहून उठून उभा राहिला आणि इतका खाली वाकला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

३० जानेवारी

आज मी डोळ्यांनी पाहिलं. स्टुडिओच्या बोळात ओगितानी फुसाएसमोर कमरेत वाकून उभा होता, आणि ती नुसती मान हलवत होती. नाही, नाही, नाही. शेजारी सेंदाबाई रुमालाने डोळे पुसत होत्या. मी जवळ गेलो तर तिघंही हसले. ओगितानी म्हणाला, थंडी फार पडलीय. सेंदाबाई म्हणाल्या, हो ना. आणि अळीमिळी गुपचिळी.

म्हणजे माझ्याच्याने झालं नाही म्हणून आता हे लोक तिला भिंतीशी गाठून काढायला निघालेत. माझा भित्रेपणा तिच्या मुळावर आला. मी बोललो असतो तर निदान हे बोळात, लोकांच्या येण्याजाण्यात झालं नसतं.

मला आता एकच उपाय दिसतो.

३ फेब्रुवारी

सकाळी ओगितानीच्या कचेरीत गेलो. आज सेत्सुबुन, दारोदार भाजलेले दाणे फेकून राक्षसाला हाकलायचा दिवस. त्यांच्या कचेरीतल्या मुलीने मलाही पुडी दिली.

मी उभ्यानेच सांगितलं. "मी बाबांचं काम सोडतोय. सिनेमाही आणि टीव्हीही. फुसाए-सान आणि मी बरोबर आलो, बरोबर जाऊ. फक्त कोणी कोणाला काढलं असं कुठे छापून यायला नको."

ओगितानी पांढराफटक पडला. मग खुर्चीतून उठला, जमिनीवर बसला आणि कपाळ टेकलं. बराच वेळ उठलाच नाही. "फुसाए-सानचीही हीच अट होती," तो म्हणाला. "दोन वर्षांपासून. बाबा जातील त्या दिवशी मीही जाईन, म्हणून. आम्ही कितीदा विनवलं त्यांना."

वेडी बाई! एवढीच अट होती तर मला सांगायचं. मी केव्हाच सोडलं असतं, आणि तिला मानाने जाता आलं असतं.

मग ओगितानी म्हणाला, "सेन्सेई, निदान फुसाए-सानना तुम्ही थांबायला सांगा. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. हात जोडतो."

जाणाऱ्याला तीनदा थांबवायची आमच्याकडे रीतच आहे. पाहुणा उठला की 'अजून बसा ना' म्हणायचं, म्हणताना त्याचे बूट दाराकडे वळवून ठेवायचे. कोणी शहाणा माणूस ते खरं धरत नाही. ओगितानीने रीतीप्रमाणे तीनदा म्हटलं, मी रीतीप्रमाणे तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो रडलाच. संस्कार आहेत पोराला.

घरी आल्यावर दाणे खाल्ले. वाटलं, हयातीत एक काम बाबांसारखं केलं.

४ फेब्रुवारी

फुसाएकडे गेलो. ती गॅलरीत गाद्या वाळत घालत होती. म्हटलं, "मी काम सोडलं."

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. "काय?"

"सोडलं. काल ओगितानीला सांगून आलो. तुम्हाला एकटीला जावं लागू नये म्हणून. तुमची अट कळली मला. आता दोघं बरोबर. कोणाला काही कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला… एकटीला?" तिने हळू विचारलं. "म्हणजे तुम्हाला वाटलं, की मला…" आणि मग ती हसायला लागली. गादीला धरून, पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. मग एकदम कोप्पेच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तू पण ना! एकदम येडा आहेस!"

खालच्या मजल्यावरच्या बाईंचं पोर धावत गॅलरीत आलं आणि वर बघायला लागलं, कोप्पे कुठून बोलला म्हणून.

"बरं केलंत," ती मग स्वतःच्या आवाजात म्हणाली. "या, चहा घ्या."

तिने किती शांतपणे घेतलं! मी उगीच घाबरत होतो. निघताना तिने पायरीपर्यंत येऊन मला खूप खाली वाकून नमस्कार केला. म्हणाली, "इतकी वर्षं सांभाळून घेतलंत." मी म्हटलं, अहो त्यात काय.

१ मार्च

पेपरात आलं. दोघांचे फोटो शेजारी शेजारी, 'स्वेच्छेने'. नवे बाबा इसोगाई. तो पोस्टमन! म्हणजे माझी शिकवणी वाया गेली नाही. नव्या कोप्पेचं नाव अजून ठरायचं आहे म्हणे.

२० एप्रिल

इसोगाई घरी आला होता. नव्याने जुन्याचा आशीर्वाद घ्यायला यायची पद्धत आहे. गडद सूट, हातात योकानच्या वडीचा डबा, आणि चटईवर अगदी टोकाला बसला. तोंड उघडलं तर आवाज बाबांचा. खाकरलासुद्धा घशातून.

मी विचारलं, "रेकॉर्डिंग कसं चाललंय?"

"अवघड आहे, सेन्सेई. कोप्पे मिळता मिळत नव्हता. कितीतरी जणी पाहिल्या. आता एक मिळाली आहे, मेहनती आहे. पण सेंदा-सान काचेमागे बसून जुनाच आवाज ऐकत असतात." तो थांबला. "ओगितानी-सान अजून म्हणतात, त्या दिवशी कुरामोची-सेन्सेईंनी एक शब्द टाकला असता, तर फुसाए-सान राहिल्या असत्या. त्यांचा आवाज अजून दहा वर्षं टिकला असता."

"पण तिलाच तर काढायचं होतं," मी म्हणालो.

 त्याने मान खाली घातली आणि चटईची कड बघत बसला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. एवढा मोठा माणूस, त्याला उठून पळून जावंसं वाटत होतं ते मला दिसत होतं. मी त्याला थांबवलं नाही. एकदाही.

तो गेल्यावर मी कवळी काढली आणि पुन्हा बसवली, आणि बोलून पाहिलं. हात जबड्यावर ठेवला तेव्हा कळलं. ऐकू नाही आलं, बोटांना कळलं. टक्.

तिचं पोट नव्हतं. तिचे बूट नव्हते. ती भिंतीपलीकडून दर वेळी वेळेवर ओ देत होती आणि मी बहिऱ्यासारखा, अहो बहिराच, पुन्हा पुन्हा हाका मारत होतो. तिला तोल सांभाळायला माझी बाही लागत नव्हती. आणि दोन वर्षं माझी नोकरी तिच्या शब्दावर चालली होती. मला काढता येत नव्हतं, कारण माझ्यामागून कोप्पे गेला असता. ती गाठ कोणाला सुटत नव्हती, ती मी जाऊन माझ्या हाताने सोडली, आणि तिला वाचवल्याचा आनंद म्हणून दाणे खाल्ले.

२१ एप्रिल

तिच्याकडे गेलो. दारातच म्हटलं, "परत जा. मी ओगितानीला सांगतो, पाया पडतो त्याच्या."

"कोण बोललं तुम्हाला?" ती म्हणाली. मग, "आत या. मोठ्याने बोलते, घाबरू नका."

"परत जा, फुसाए-सान."

"आणि त्या नव्या पोरीला काय सांगू? उठ, म्हातारीचं मन बदललं? तिने आईवडिलांना फोन करून सांगितलं असेल, मी कोप्पे झाले म्हणून."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला का नाही सांगितलंत, माझा आवाज संपलाय ते?" ती हसली. "मी किती वेळा तोंड उघडलं. तुम्ही मुळा वाढत राहिलात. मग म्हटलं, जाऊ दे, हा सिनेमा तेवढा ढकलू. तेवढा तुमच्या आवाजात होऊ दे."

"पण तुमचा आवाज चांगला होता! तुम्ही कशाला शब्द दिलात?"

तिने माझ्या कानाजवळ तोंड आणलं. मग म्हणाली, "भिंतीपलीकडून दुसऱ्याच कोणी हाक मारली, तर कोप्पेला ओ द्यावीशी वाटायला नको?"

 मी गुडघे टेकून माफी मागितली. ती म्हणाली, उठा, मला तुम्हाला उचलता यायचं नाही. मग माझं मलाही उठता येईना, आणि तिने खालच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं.

१४ मे

चिझुरूबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. यंत्र बसवलं. चिमण्या केवढा कलकलाट करतात! घरातला फ्रिज गुरगुरतो, नळातून पाणी ठिबकतं. चिझुरूचा आवाज तिच्या आईसारखा झालाय, हे मला माहीतच नव्हतं. आता सगळं ऐकू येतं. आता काय उपयोग?

ओगितानीला फोन केला. तो म्हणाला, "सेन्सेई, तब्येतीची काळजी घ्या." मी म्हटलं, फुसाए-सानला परत बोलवा. तो म्हणाला, पोस्टर छापून झाली. तो खोटं बोलत नव्हता.

२० जुलै

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि आज सिनेमा लागला. मी जाणार नव्हतो. फुसाएचा सकाळी फोन आला. म्हणाली, "बाबा, तिकिटं काढलीत मी. तुमचं यंत्र घालून या."

थिएटर पोरांनी भरलं होतं. आम्हाला कोणी ओळखलं नाही. आवाज देणाऱ्याला तोंड कुठे असतं? तिने पॉपकॉर्नचा मोठा डबा घेतला, म्हणाली, सिनेमाला आलोय तर सगळं रीतसर. पुढच्या रांगेतला एक बारका पोरगा सारखा मागे वळून आईला विचारत होता, कोप्पे कधी येणार, कधी येणार.

अंधार झाला. पडद्यावर चंद्रकोर उगवली, न्हाणीघराच्या धुराड्यातून धूर निघाला. चित्रं पुरी झालेली मी पहिल्यांदाच बघत होतो. वाफ खरी वाटत होती. इसोगाईचा बाबा आला, खाकरला, बोलला. चांगला होता. अगदी चांगला होता, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. एकही टक् नाही.

मग दार सरकवून कोप्पे धावत आला आणि त्याने पहिलं वाक्य म्हटलं. पुढच्या रांगेतला पोरगा टाळ्या पिटत उभा राहिला. त्याला काही फरक कळला नाही. का कळावा? नवी पोरगी मेहनती आहे. पण कोप्पे हसण्याआधी एक बारीक श्वास घ्यायचा, तो तिला सापडलेला नाही. हे आता मला ऐकू येतं.

मी फुसाएकडे वळलो. तिच्याकडे बघायची मला भीती वाटत होती, वाटलं, रडत असेल. ती रडत नव्हती. ताठ बसली होती, हनुवटी थोडी वर, माईकसमोर धरायची तशी, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज अजिबात नाही. शब्दाला शब्द, नेमक्या जागी, श्वासासकट. पडद्यावरची पोरगी कधी अर्धं अक्षर मागे राहायची, हिचे ओठ नाही. सगळी पटकथा तिला पाठ होती.

मला काहीतरी करायचं होतं. हात धरावा, माफी मागावी, थांबा म्हणावं. काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून मी पॉपकॉर्नचा डबा तिच्यापुढे केला. तिने घेतला नाही. तिचं वाक्य चालू होतं.